एका बाईचे दोन रकाने : नागपूरच्या १९४२च्या परिषदेतला एक ठराव

कामगारांच्या इतिहासाची साधने आपल्याकडे तशी कमी नाहीत. कारखाना आयोगांपुढच्या साक्षी आहेत, गिरण्यांचे अहवाल आहेत, संपांची पत्रके आहेत. दलित चळवळीची साधने 'बहिष्कृत भारत' आणि 'जनता'च्या अंकांपासून बाबासाहेबांच्या भाषणांच्या खंडांपर्यंत पसरलेली आहेत. स्त्रियांच्या संघटनांनीही आपल्या परिषदांची इतिवृत्ते जपली आहेत. ही तीन कपाटे शेजारीशेजारी उभी आहेत. गिरणीत, बिडीच्या कारखान्यात किंवा रेल्वेच्या फलाटावर राबणारी दलित बाई या तिन्हींत हक्काने सापडायला हवी. प्रत्यक्षात पहिल्या कपाटात तिची जात दिसत नाही, दुसऱ्यात तिची मजुरी पुरुषाच्या मजुरीत मिसळून जाते आणि तिसऱ्यात ती बहुधा इतरांच्या दयेचा विषय म्हणून येते. या लेखात मला तिचा माग काढायचा आहे आणि १९४२ साली नागपुरात तिने स्वतःच मांडलेल्या एका ठरावापर्यंत पोहोचायचे आहे.

कापसाच्या मुलखातून

हा प्रश्न मला दिला तो माझ्या मुलखाने. आमचे सोनाळा बुलडाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. वर अंबाबरव्याचे जंगल आणि खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन. या जमिनीतला कापूस पिढ्यानपिढ्या शेगाव-खामगावच्या बाजारात जात आला. १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा काढला गेला तोही कापसासाठीच.

कापसाच्या कामात बाईचे काम आणि गड्याचे काम ठरलेले असते. वेचणी बाईची, फवारणी गड्याची. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, गड्याला दिवसाची रोजी मिळते. उन्हात पाठ वाकवून, बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी बोटे सोलून घेत केलेले वेचणीचे काम 'हलके' समजले जाते आणि पाठीवर पंप घेतलेले काम 'जड'. हंगामात सातपुड्यातल्या पाड्यांवरून आदिवासी बाया उतरतात. त्यांचा भाव ठरवताना गावातल्या बाईइतकी घासाघीस करण्याची सोय त्यांना नसते, कारण संध्याकाळी परतायला त्यांचे घर जवळ नसते.

तरुणपणी काही हंगाम मी एका जिनात दिवाणजीच्या हाताखाली हजेरी लिहिली. वहीत दोन रकाने होते : गडी आणि बाया. रोजीचा आकडा रकान्यावरून ठरे. जात कुठेच लिहिलेली नसे. तरी सरकीच्या धुळीत कोण उभे राहील, कचरा कोण निवडेल आणि पाण्याच्या माठाजवळचे सावलीतले काम कुणाला मिळेल, हे मुकादमाला वहीत पाहून ठरवावे लागत नसे. पुढे वाचनाची गोडी लागली, तालुक्याची-जिल्ह्याची ग्रंथालये पालथी घातली, तेव्हा कळले की वहीत न लिहिलेला हा रकाना फार जुना आहे आणि त्यावर मोठ्या लढायाही झाल्या आहेत.

धोटा आणि धागा

या लढायांपैकी सर्वांत प्रसिद्ध लढाई मुंबईच्या गिरण्यांतली. आमच्या वऱ्हाडचा कापूस जिथे सूत होई आणि सुताचे कापड होई, त्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना सूतकताईच्या, म्हणजे रिंग वगैरे खात्यांत काम मिळे. विणकामाच्या, म्हणजे साच्यांच्या खात्यात मात्र त्यांना मज्जाव होता. कारण असे सांगितले जाई की धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. तोच धोटा दुसऱ्या पाळीत दुसऱ्याच्या तोंडाला लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालणार नव्हता.

या सोवळ्याओवळ्यामागे पैशाचा हिशेब होता. विणकाम हे गिरणीतले चांगल्या मजुरीचे काम होते. त्यामुळे तोंडाच्या विटाळाच्या नावाखाली एका समाजाच्या घरात येणारा पगार कायमचा कमी राहत होता. आणखी एक गंमत अशी, की विदर्भातल्या महार समाजात हातमागावर जाडेभरडे कापड विणण्याची परंपरा होती. ज्यांच्या घरात माग होता त्यांनाच गिरणीचा माग बंद होता.

१९२८च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांचा प्रचंड संप झाला. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला. अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत कामाचा हक्क मिळावा, ही मागणी संपाच्या मागण्यांत घेतली नाही तर या कामगारांना संपापासून दूर राहायला सांगू, असे त्यांनी बजावले. पुढाऱ्यांनी नाखुशीने का होईना, ती मान्य केली. पण ती मालकांपुढे गेली तेव्हा मालकांनी हात झटकले : हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. एका अर्थी ते खोटे बोलत नव्हते. दार अडवून उभे होते ते कामगारच. पण दार ज्याचे होते तो मालक तिकडे पाहायला तयार नव्हता. मालक कामगारांकडे बोट दाखवी, कामगार रूढीकडे, आणि रूढीची सही कुठल्याच कागदावर नसते. कामाच्या ठिकाणच्या भेदभावाची ही चाल आजही बदललेली नाही.

हा प्रसंग आपण अनेकदा वाचलेला असतो. मला त्यातली एक गोष्ट बराच काळ खटकत राहिली. साच्यांचे खाते पुरुषांचे होते. बायका असत त्या मुख्यतः वायंडिंग आणि रीलिंगच्या खात्यांत. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता. पुढच्या दशकांत तो घटतच गेला. म्हणजे बाबासाहेबांची ती मागणी पूर्णपणे मान्य झाली असती, साच्यांचे दार सताड उघडले असते, तरी त्यातून आत जाणार होता तो दलित पुरुष. त्याच्या बायकोला, बहिणीला, आईला ते दार जातीमुळे आणि बाईपणामुळे असे दोनदा बंद होते. त्यातले एकच कुलूप त्या मागणीने निघणार होते.

बाबासाहेबांना दुसऱ्या कुलुपाची जाणीव नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. त्याच वर्षी, १९२८च्या जुलैत, मुंबई विधिमंडळात स्त्री-कामगारांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपणात आईला मिळणारी विश्रांती राष्ट्राच्या हिताची असल्याने तिचा भार सरकारनेही काही प्रमाणात उचलावा, पण बाईच्या श्रमाचा फायदा मालकाला होत असल्याने त्यालाही जबाबदारीतून सुटता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबई इलाख्यात हा कायदा झाला आणि पाठोपाठ १९३० साली आमच्या मध्य प्रांतातही. पण पाहा : एक मागणी जातीची, दुसरी बाईपणाची. दोन्ही रास्त, दोन्ही एकाच वर्षीच्या, आणि तरी दोन वेगळ्या कागदांवर.

मनमाड आणि नागपूर

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांचे प्रसिद्ध प्रतिपादन याच परिषदेतले. त्या भाषणातला एक बारीक तपशील मला त्याहून मोलाचा वाटतो. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून जन्मभर राबतो, पण त्याला पोर्टरचे कामसुद्धा सहसा मिळत नाही, याचे कारण त्यांनी सांगितले : स्टेशनमास्तर पोर्टरला आपल्या घरातली कामे सांगतो, आणि अस्पृश्य पोर्टर घरात कसा चालेल? नोकरी रेल्वेची, पगार सरकारी, पण भरतीची कसोटी ठरत होती स्टेशनमास्तरच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. कारखान्याचा दरवाजा आणि घराचा उंबरा यांचा असा संबंध असतो, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून मला कधी कळले नसते.

याच रेल्वेच्या नागपूर स्थानकावर त्याआधी एक बाई लोकांचे ओझे वाहत होती. जाईबाई चौधरी. जन्म १८९२चा, उमरेडचा. घरच्या गरिबीमुळे त्यांनी हमाली पत्करली. त्यांना लिहिता-वाचता येते हे एका मिशनरी बाईंच्या लक्षात आले आणि त्यांनी जाईबाईंना शाळेत शिक्षिका म्हणून घेतले. ओझ्याखालची मान पाटीपुढे ताठ झाली. पण शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच पालकांनी आपली मुले शाळेतून काढली आणि जाईबाईंची नोकरी गेली. डोक्यावर ओझे घेतले तेव्हा त्यांची जात कुणी विचारली नव्हती. हातात पुस्तक घेतले तेव्हा ती विचारली गेली. १९२२ साली त्यांनी नागपुरात चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली.

गोष्ट इथे संपत नाही. १९३७च्या अखेरीस नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले. मतदान, शिक्षण, वारसा अशा मोठमोठ्या प्रश्नांवर काम करणारी ही संघटना होती. तिथे गेलेल्या जाईबाईंना जेवणाच्या वेळी वेगळे बसवण्यात आले. त्याविरुद्ध नागपुरातल्या दलित स्त्रियांनी १९३८च्या आरंभीच निषेध केला. कामगारांच्या व्यासपीठावर जात आडवी येत होती आणि बायकांच्या पंगतीतही तीच. राहता राहिले आपल्याच समाजाचे व्यासपीठ. तिथे बाईला जागा होती, पण तिच्या मजुरीचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडायचा कुणी?

मोहन पार्कमधला ठराव

त्याचे उत्तर साडेचार वर्षांनी मिळाले. १८ आणि १९ जुलै १९४२ रोजी नागपूरच्या मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा निर्णय झाला तो याच परिषदेत. इतिहासाच्या पुस्तकांत ती त्यासाठी नोंदली गेली आहे. तिच्या पाठोपाठ २० जुलैला त्याच ठिकाणी दलित महिलांची परिषद झाली. अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे, स्वागताध्यक्षा कीर्तिबाई पाटील. वीस-पंचवीस हजार बाया त्या दिवशी जमल्या होत्या. पावसाळ्यातल्या जुलैत, पेरणी-निंदणीचे दिवस असताना, रोजी बुडवून.

त्या परिषदेत झालेले ठराव मी पहिल्यांदा वाचले ते ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, मुलींसाठी वसतिगृहे, प्रतिनिधिमंडळांत जागा असे ठराव त्यात आहेत. आणि त्यांच्यातच एक ठराव मजुरीचा आहे. गिरण्या, बिडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे इथे काम करणाऱ्या स्त्रियांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा द्यावी, इजा झाल्यास भरपाई द्यावी, वीस वर्षे नोकरी झाल्यावर दरमहा १५ रुपये निवृत्तिवेतन द्यावे. शिवाय, बायका काम करतात त्या गिरण्यांत देखरेखीसाठी बायकाच नेमाव्यात.

वरवर पाहता यात जातीचा शब्दही नाही. कुठल्याही कामगार संघटनेने हा ठराव केला असता. पण चार जागा कोणत्या निवडल्या ते पाहावे. नगरपालिका म्हणजे झाडू आणि मैला. रेल्वे म्हणजे ओझे, खडी आणि कोळसा. बिडी म्हणजे कामठी-भंडारा-गोंदियाच्या वस्त्यांतल्या घराघरात तेंदूच्या पानांवर झुकलेल्या बाया. गिरणी म्हणजे कमी मजुरीची खाती. या चारही ठिकाणांची नावे एका दमात घेतली की डोळ्यांपुढे एकच बाई उभी राहते. तिची जात ठरावात लिहिण्याची गरज उरत नाही, कारण जातीनेच तिला त्या चार जागी आणून उभे केले होते. सभेच्या नावात दलित होते, महिला होत्या आणि ठरावात मजुरी होती. तीन कपाटांतले कागद पहिल्यांदाच एका फायलीत आले.

स्त्री देखरेखीची मागणी तर मला सगळ्यांत धारदार वाटते. मुंबईच्या गिरण्यांत बायकांच्या खात्यांवर 'नायकीण' असे. कामावर घेणे-काढणे तिच्या हाती, आणि त्यासाठी ती दस्तुरीही घेई. तेव्हा बाईवर बाई नेमली की सगळे सुरळीत होते, अशा भाबड्या समजुतीत राहण्याचे कारण नाही. पण मुकादम पुरुष आणि वरच्या जातीचा, हाताखालची बाई आणि दलित, असे जिथे असते तिथे रजा मागायला जाणेसुद्धा धोक्याचे असते. कामाचे तास आणि मजुरी यांच्या मागणीत हा धोका मावत नाही, आणि अस्पृश्यता निवारणाच्या मागणीतही मावत नाही. तो ज्यांनी रोज झेलला त्यांनाच तो मागणीच्या भाषेत लिहिता आला.

बाबासाहेब त्या परिषदेत हजर होते, आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे येणार हेही तेव्हा जाहीर झाले होते. पुढच्या चार वर्षांत खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यात सुधारणा झाल्या. युद्धकाळात कोळसा खाणींत बायकांना जमिनीखाली उतरू देण्यावर १९४४ साली मध्यवर्ती विधिमंडळात वाद झाला. स्त्री-संघटनांचा या निर्णयाला विरोध होता आणि तो रास्तही होता. त्या वादात बाबासाहेबांनी सांगितले की या खाणींत बाईला पुरुषाइतकीच मजुरी दिली जात आहे आणि समान कामाला समान दाम हे तत्त्व आपल्याकडच्या उद्योगात पहिल्यांदाच लागू होत आहे.

चौफुली

आता थोडे दूर जाऊ. अमेरिकेत मोटारी बनवणाऱ्या जनरल मोटर्स कंपनीवर पाच काळ्या स्त्रियांनी खटला भरला होता. १९६४पूर्वी कंपनीने काळ्या बायकांना कामावर घेतलेच नव्हते. मंदी आली तेव्हा जो शेवटी आला तो आधी जाईल या नियमाने १९७०नंतर घेतलेल्या काळ्या बायका सगळ्याच्या सगळ्या कामावरून गेल्या. १९७६ साली न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. कंपनीत बायका होत्या, म्हणजे स्त्री-पुरुष भेद नाही. त्या बायका गोऱ्या होत्या, ही गोष्ट त्या हिशेबात धरली नाही. वंशभेदाची तक्रार असेल तर ती काळ्या कामगारांच्या दुसऱ्या दाव्यासोबत चालवा. दोन्ही मिळून एक तक्रार मात्र करता येणार नाही. आमच्या जिनातल्या वहीसारखाच हा न्याय : दोन रकाने, आणि दोन्हींत एकदम नाव लिहायची सोय नाही.

या निकालाचा समाचार घेताना कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ साली 'इंटरसेक्शनॅलिटी' हा शब्द वापरला. मराठीत त्याला 'आंतरछेदिता' म्हणतात. मला विचाराल तर 'चौफुली' पुरे. त्यांचे उदाहरण चौफुलीचेच आहे : चारही बाजूंनी गाड्या येतात, मध्ये उभ्या असलेल्या माणसाला धक्का एका बाजूने बसू शकतो किंवा अनेक बाजूंनी एकदम. 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक प्रसिद्ध झाले तेही १९८९ सालीच. एकीकडे अमेरिकेतल्या कायद्याच्या नियतकालिकात सिद्धान्त छापला जात होता, तेव्हा इकडे दोन मराठी बाया गावोगाव फिरून, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना बोलते करून त्याच चौफुलीवरच्या माणसांची नावे गोळा करत होत्या.

वंशभेद आणि जातिभेद यांची तुलना बाबासाहेबांनाही नवी नव्हती. १९४६ साली त्यांनी काळ्या लोकांचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढे मांडल्या जाणाऱ्या त्यांच्या अर्जाची प्रत मागितली होती. पुढे आपल्या राज्यघटनेच्या कलम १६ मध्ये सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास अशा कारणांवरून भेद करू नये असे लिहिले गेले. वंश आणि जात, दोन्ही शब्द त्या यादीत शेजारी आहेत. पण त्या यादीआधी एक छोटा शब्द आहे : 'केवळ'. केवळ जातीवरून, केवळ लिंगावरून. जिचे नुकसान दोन्हींमुळे झाले तिने 'केवळ' काय सांगायचे? हा पेच ओळखायला आपल्या न्यायालयांनाही वेळ लागला. २०२१च्या एप्रिलमध्ये पाटण जमाल वली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका अंध, अनुसूचित जातीच्या स्त्रीवरील अत्याचाराचा विचार करताना जात, लिंग आणि अपंगत्व एकत्र पाहावे लागतील असे स्पष्ट मांडले.

कामाच्या जागेचा विचार केला तर भँवरीदेवींचे उदाहरण जास्त बोचते. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातल्या 'साथिन' म्हणून त्यांनी बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला. सरकारने सोपवलेलेच काम होते ते. त्या कुंभार समाजाच्या, आणि ज्यांचा विवाह अडवला ते गावातले वरचढ. १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. १९९५ साली खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर १९९७ साली विशाखा मार्गदर्शक तत्त्वे आली आणि पुढे २०१३चा कायदा. आज दहा किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कचेरीत तक्रार समिती असावी लागते ती या बाईमुळे. मात्र त्या तत्त्वांत लैंगिक छळ राहिला आणि जात गळून गेली. ज्या बाईच्या जखमेतून कायदा जन्मला, तिच्या जखमेचा अर्धा भाग कायद्यात उतरला नाही.

आजचा हिशेब

१९७६ साली आपल्याकडे समान वेतनाचा कायदा झाला. एकच काम करणाऱ्या बाईला आणि पुरुषाला सारखी मजुरी द्यावी, असे त्याने सांगितले. पण वेचणीच्या शेतात पुरुषच नसेल तर बाईची तुलना कुणाशी करायची? ऊसतोडीत तर याहून पुढची गोष्ट आहे. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. उचल पुरुषाच्या हाती पडते, मोळी बाईच्या डोक्यावर चढते, आणि मुकादमाच्या हिशेबात बाईचे वेगळे नावही नसते. वहीत तिला रकाना मिळाला नाही, ती नवऱ्याच्या ओळीतच जिरली.

म्हणून मला नागपूरच्या ठरावाचे महत्त्व त्यातल्या २१ दिवसांच्या रजेपेक्षा किंवा १५ रुपयांपेक्षा त्याच्या रीतीत वाटते. त्या बायांनी आधी काम कुठे चालते ते पाहिले. तिथे कोण उभे आहे ते पाहिले. मग तिला काय लागते ते एकाच कागदावर लिहिले : रजा, भरपाई, म्हातारपणाची भाकरी आणि वरचा माणूस कोण असावा हेही. जातीचा प्रश्न आधी की बाईचा, पोटाचा आधी की मानाचा, असा वाद त्यांनी घातला नाही. ज्या बाईच्या अंगावर हे सगळे एकदम येते तिला तसा क्रम लावता येत नाही. कामगार संघटनेला, स्त्री-संघटनेला आणि सरकारी समितीला आजही कुठल्या कारखान्याची, शेताची, कचेरीची पाहणी करायची असेल तर मजुरीच्या तक्त्यात जात आणि लिंग शेजारीशेजारी भरून पाहावे. सगळ्यांत कमी मजुरी कुठे आहे, सगळ्यांत जास्त इजा कुठे आहे आणि मुकादमाच्या खुर्चीवर कोण कधीच बसलेले नाही, हे त्या तक्त्यात आपोआप दिसेल.

सुलोचनाबाईंच्या अध्यक्षतेखाली वीस-पंचवीस हजार बायांनी हात वर करून मागितलेल्या गोष्टींपैकी काही नंतर कायद्याच्या पुस्तकात आल्या. संघटित कारखान्यांत रजा आली, भरपाई आली, काहींना निवृत्तिवेतनही आले. कंत्राटावर रस्ता झाडणाऱ्या, घरात बसून बिड्या वळणाऱ्या आणि किलोवर कापूस वेचणाऱ्या बाईपर्यंत यातले काय पोहोचले, याचा हिशेब मात्र त्या ठरावाच्या चार ओळी समोर ठेवून आजही मांडता येतो, आणि मांडला की तो बाकीच निघतो.